लंडनमधली अमरावती

गेल्या पावसाळ्यातील एका रात्री, साडेदहाच्या सुमारास, चांदूर रेल्वेत वीज गेलेली असताना माझा फोन वाजला. इतक्या उशिरा आलेला फोन धर्मगुरूच्या मनात प्रथम एकच शंका उभी करतो : कोणीतरी अत्यवस्थ आहे, तैलाभ्यंगाची डबी घेऊन निघायला हवे. परंतु फोन लंडनहून होता. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण उच्च शिक्षणासाठी तेथे गेला आहे. तो ब्रिटिश म्युझियम पाहून नुकताच बाहेर पडला होता आणि आनंदाने त्याला धड बोलताही येत नव्हते. "फादर, इथं आपल्या अमरावतीची अख्खी खोली आहे ना जी! पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आहे!"

त्याचा हिरमोड करणे माझ्या जिवावर आले, पण खरे ते सांगणे भाग होते. ती अमरावती आपली नव्हे. ती आंध्र प्रदेशातील, कृष्णा नदीच्या काठची अमरावती. आपली अंबादेवीची अमरावती वेगळी. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्याने विचारले, "मग फादर, आपलं इथं काहीच नाही का?"

वीज आली, फोन संपला, पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. काही वर्षांपूर्वी रोमच्या यात्रेवरून परतताना मला दहा दिवस लंडनमध्ये राहण्याचा योग आला होता. एका जुन्या सेमिनरी-मित्राच्या धर्मग्रामात मी मुक्काम केला आणि त्याने हाती दिलेला नकाशा घेऊन बहुतेक पायीच हिंडलो. त्या वेळी जे पाहिले आणि त्याविषयी नंतर जे वाचले, ते त्या तरुणाला उत्तर म्हणून येथे मांडत आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतली मुले आज परदेशी आहेत, आईवडीलही त्यांच्याकडे महिना-दोन महिने जाऊन येतात. त्यांनाही या लेखाचा उपयोग व्हावा.

प्रथम त्या खोलीचीच हकीकत सांगतो, कारण ती जाणून घेण्यासारखी आहे. ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्याने झाली आणि १७५९ साली ते लोकांसाठी खुले झाले. आजची इमारत एकोणिसाव्या शतकातली. रॉबर्ट स्मर्क या वास्तुविशारदाने ती ग्रीक मंदिराच्या घाटाची बांधली. दर्शनी बाजूस चव्वेचाळीस खांब आहेत. आत शिरल्यावर काचेच्या अवाढव्य छताखालचा चौक लागतो, तो मात्र २००० सालचा, नॉर्मन फॉस्टरच्या कल्पनेतला. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. एकाच दिवसात सारे पाहण्याचा हट्ट न धरता रोज दोन तास जावे.

आंध्रातील अमरावतीला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक मोठा बौद्ध स्तूप होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदाराने नवे नगर वसवायला घेतले, तेव्हा त्या टेकाडातील कोरीव दगड बांधकामासाठी उपसले जाऊ लागले. १७९७ साली कंपनीच्या नोकरीतील कॉलिन मॅकेंझी तेथे पोहोचला. त्याने ते पाहिले आणि पुढे १८१६ नंतर त्यांची रेखाचित्रे करवून घेतली. १८४५ साली वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने उत्खनन करून बऱ्याच शिळा मद्रासला नेल्या. त्या तेथे वर्षानुवर्षे उन्हापावसात पडून राहिल्या. १८५९ साली त्यांतील पुष्कळ लंडनला रवाना झाल्या. इतक्या दूर नेल्यावर तरी त्यांची नीट व्यवस्था लागली असेल असे आपल्याला वाटते. तसे काही घडले नाही. १८६७ साली जेम्स फर्ग्युसन या वास्तू-अभ्यासकाला त्या शिळा एका जुन्या वाड्याच्या गाडीखान्यात धूळ खात पडलेल्या आढळल्या. काही तर बाहेरच्या भिंतीवर बसवून लंडनच्या धुरात आणि दमट हवेत ठेवल्या होत्या. १८८० साली त्या ब्रिटिश म्युझियमकडे आल्या, आणि आज त्या ज्या काचेच्या, हवा नियंत्रित केलेल्या दालनात आहेत ते दालन १९९२ साली सुरू झाले. राहिलेल्या शिळांपैकी बऱ्याच चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत.

म्हणजे ज्यांच्या अंगणात ते दगड होते त्यांनी ते पायात घातले, आणि ज्यांनी ते उचलून नेले त्यांनीही वर्षानुवर्षे त्यांची हेळसांड केली. या हकिकतीत निर्मळ हात कोणाचेच नाहीत. म्युझियममध्ये हिंडताना आपल्या मनात दोन सोपी वाक्ये तयार असतात. 'यांनी आमचे लुटून नेले' हे एक, आणि 'बरे झाले नेले, नाहीतर आम्ही नष्टच केले असते' हे दुसरे. मी दोन्ही वाक्ये बरोबर घेऊन गेलो होतो. दहा दिवसांत दोन्ही माझ्या हातून निसटली.

आता आपल्या अधिक जवळचे. अजिंठा वऱ्हाडात नाही खरे, पण बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या डोंगररांगेला नाव अजिंठ्याचेच आहे आणि आपल्या कितीतरी शाळांची पहिली मोठी सहल तेथेच गेलेली असते. २८ एप्रिल १८१९ या दिवशी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव कोरून गेला. एक हजार वर्षांहून जुन्या चित्रावर नाव कोरणारा माणूस लेण्यांचा शोधकर्ता म्हणून प्रसिद्ध व्हावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. (दीपस्तंभावर, किल्ल्यावर आणि क्वचित आपल्या चर्चच्या घंटाघरातही आपली नावे कोरणाऱ्या तरुणांनी मात्र त्याचा कित्ता गिरवू नये.)

१८४४ साली कंपनी सरकारने मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल याला या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. तो अजिंठा गावात येऊन राहिला. वटवाघळे, मधमाश्या, ताप आणि अंधार यांच्याशी झुंजत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात ती चित्रे उतरवली आणि लंडनला पाठवली. पारो या स्थानिक स्त्रीशी असलेल्या त्याच्या नात्याची कहाणी महानोरांच्या दीर्घकवितेमुळे मराठी वाचकांना माहीत आहे. १८५६ साली मरण पावलेल्या पारोची कबर अजिंठा गावात आहे. गिलची चित्रे लंडनच्या सिडनहॅम भागातील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ सालच्या डिसेंबरात त्या काचमहालाला आग लागली आणि मोजकी वगळता ती सारी चित्रे जळून गेली. एका माणसाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे एका रात्रीत राख झाली.

त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूलचे, जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत अनेक हिवाळे खपून त्यांनी सुमारे तीनशे चित्रे तयार केली. त्यांत आपल्याकडील विद्यार्थ्यांचे हात होते, ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. तीही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेली. १८८५ साली तेथेही आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. दोन वेळा पाठवावे आणि दोन्ही वेळा जळावे! आणि ज्यांची नक्कल केली ती मूळ चित्रे वाघूर नदीच्या त्या दरीत, ओल आणि वटवाघळे सोसत, अजून उभी आहेत. त्यांनाही जखमा आहेत. चित्रे उजळ दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी त्यांवर व्हार्निश फिरवले, ते पुढे पिवळे पडले आणि निजाम सरकारला १९२० साली इटलीहून जाणकार बोलवावे लागले.

साउथ केन्सिंग्टनचे ते संग्रहालय म्हणजेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १८५१ च्या महाप्रदर्शनातून त्याचा उगम झाला, आजचे नाव १८९९ साली मिळाले आणि ॲस्टन वेबने रचलेली विटा-दगडांची भव्य दर्शनी बाजू १९०९ साली पुरी झाली. अजिंठ्याची उरलेली चित्रे याच संस्थेकडे आहेत, पण आकार मोठा आणि प्रकृती नाजूक असल्यामुळे ती फार काळ कोठारातच राहिली. मला ती पाहायला मिळाली नाहीत. त्याऐवजी ज्या दालनात पाय थबकले ते आपल्या वाचकांनी मुळीच चुकवू नये. पोप दहावे लिओ यांनी १५१५ साली राफाएल या चित्रकाराला संत पेत्र व संत पौल यांच्या जीवनातील प्रसंग रंगवण्यास सांगितले. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलसाठी भित्तिपट विणायचे होते, त्यांचे हे पूर्णाकृती कागदी नमुने. विणकरांच्या सोयीसाठी त्यांच्या उभ्या पट्ट्या कापल्या गेल्या होत्या. कामाचा कच्चा कागद, काम झाले की टाकून द्यायचा, असाच त्याचा जन्म. त्यांतील सात आज येथे आहेत, इंग्लंडच्या राजघराण्याने १८६५ पासून संग्रहालयात ठेवायला दिलेले. मासे पकडण्याच्या चमत्काराच्या चित्रापुढे बाकावर बसून मी जपमाळेची एक फेरी पूर्ण केली. पहारेकऱ्याने पाहिले, काही बोलला नाही.

रॉबर्ट गिलविषयी आणखी एक गोष्ट. चित्रे जळाल्यावरही तो भारत सोडून गेला नाही. तो कॅमेरा घेऊन हिंडत राहिला. आपल्या लोणारच्या प्राचीन देवळांची त्याने काढलेली छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८७९ साली तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. चांदूरहून मुंबईकडे जाताना बडनेरा, अकोला, शेगाव, मलकापूर मागे टाकून आपली गाडी भुसावळला थांबते, आपण फलाटावर केळी घेतो, आणि ज्या माणसासाठी लंडनमध्ये हळहळतो तो तेथून हाकेच्या अंतरावर निजलेला असतो. मीही अनेक वर्षे केवळ केळीच घेत होतो.

गाडीचा विषय निघालाच आहे तर ब्रिटिश लायब्ररीच्या शेजारचे सेंट पँक्रास स्टेशन पाहावे. बार्लो या अभियंत्याने १८६८ साली फलाटांवर २४० फूट रुंदीची एकच लोखंडी कमान टाकली, मध्ये एकही खांब नाही. खालच्या मजल्यावरील खांबांमधले अंतर मात्र बिअरच्या पिंपांच्या मापाने ठरवले होते, कारण तळघरात तीच साठवायची होती! समोरची लाल विटांची, मनोऱ्यांची इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटची. ती पाहताच मुंबईचे व्ही. टी. आठवल्याशिवाय राहत नाही. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा आराखडा करण्यापूर्वी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा वास्तुविशारद युरोपातील स्थानके पाहून आला होता. त्याचे काम १८७८ ते १८८८ असे दहा वर्षे चालले. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे तर खुद्द स्कॉटचे, आणि स्कॉटने भारतात कधी पाऊलही ठेवले नव्हते.

१८५३ हे वर्ष आपल्या भागाच्या इतिहासात दोनदा मोजावे लागते. एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि मे महिन्यात निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. कारण एकच, कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. चांदूर बाजारापासून वेगळे ओळखू यावे म्हणून आमच्या चांदूरला 'रेल्वे' हे आडनाव चिकटले ते या मार्गामुळे. ज्या लेडनहॉल स्ट्रीटवरून कंपनीचा कारभार चालला तेथील ईस्ट इंडिया हाउस १८६१ च्या सुमारास पाडले गेले. आज त्या जागी विमा व्यवसायाची, नळ-पाइप बाहेरून लावलेली एक विचित्र पोलादी इमारत उभी आहे. कंपनीचे कागद मात्र ब्रिटिश लायब्ररीत जपून आहेत. त्या तरुणाचे वडील रेल्वेतून निवृत्त झाले. त्याला लंडनमध्ये आपले काही हवे असेल तर ते सेंट पँक्रासच्या त्या कमानीखालीही आहे, फक्त त्यावर पाटी नाही.

आपल्या धर्माच्या दृष्टीने पाहण्यासारखे काय, असे श्रद्धाळू वाचक विचारतील. सेंट पॉल्स कॅथीड्रल आणि वेस्टमिन्स्टर ॲबी सर्वांना ठाऊक आहेत. दोन्ही आज अँग्लिकन पंथाची आहेत, दोन्हींना तिकीट आहे, दोन्ही पाहावीत. पण वेस्टमिन्स्टर ॲबीवरून थोडे पुढे चालत गेले की कॅथलिक वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल लागते. पुष्कळ प्रवासी दोहोंत घोटाळा करतात. १८२९ साली इंग्लंडमधील कॅथलिकांना नागरी हक्क मिळाले आणि १८५० साली धर्मप्रांत पुन्हा स्थापन झाले. त्यानंतर एका जुन्या तुरुंगाच्या जागेवर १८९५ साली या महामंदिराची पायाभरणी झाली. वास्तुविशारद जॉन फ्रान्सिस बेंटली यांनी मुद्दामच शेजारच्या ॲबीची गॉथिक शैली टाळून बायझंटाइन शैली निवडली. सव्वा कोटीच्या आसपास विटा लागल्या. १९०३ साली ते खुले झाले, पण बेंटली आदल्याच वर्षी निवर्तले होते. आतल्या घुमटांवर मोझेक बसवण्याइतका पैसा कधी जमलाच नाही. त्यामुळे खाली रंगीत संगमरवर आणि वर काळवंडलेल्या उघड्या विटा असे ते आजही अपुरे आहे. मला ते तसेच आवडले. मान वर केली की तो अंधार प्रार्थनेला खोली देतो. एका बाजूच्या चॅपेलमध्ये काचपेटीत संत जॉन साउथवर्थ यांचे अवशेष आहेत. केवळ कॅथलिक धर्मगुरू असल्याच्या अपराधासाठी त्यांना १६५४ साली टायबर्न येथे फाशी दिले.

टायबर्न म्हणजे मार्बल आर्चजवळचा चौक. दुकानांची, बसगाड्यांची गर्दी इतकी की तेथे वधस्तंभ होता हे सांगूनही पटत नाही. १५३५ ते १६८१ या काळात येथे १०५ कॅथलिकांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. जवळच, हाइड पार्कसमोर, धर्मभगिनींचा एक मठ आहे. तेथे १९०३ पासून पवित्र साक्रामेंताची अखंड आराधना चालू आहे. तळघरातील रक्तसाक्ष्यांचे स्मारक एका भगिनीने मला दाखवले. मी भारतातून, महाराष्ट्रातून आलो असे सांगितल्यावर त्यांनी विचारले, आमच्या रक्तसाक्ष्यांपैकी तुमच्याकडे कोणाचे नाव माहीत आहे? मी एडमंड कॅम्पियन यांचे नाव घेतले. पण माझ्या मनात दुसरेच नाव होते, आणि ते त्या यादीत नव्हते. त्या यादीत ते नाही म्हणूनच आपल्याकडे ते माहीत आहे.

ते नाव फादर थॉमस स्टीफन्स. जन्म सुमारे १५४९, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. तरुणपणी ते थॉमस पाउंड या धनाढ्य कॅथलिक मित्राबरोबर, त्याचा नोकर असल्याचे भासवत देशभर हिंडले. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा होता. पाउंड पकडला गेला आणि जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स निसटले. १५७५ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १५८१ रोजी, येशूसंघाचेच फादर कॅम्पियन टायबर्नला फाशी गेले. १५८५ च्या कायद्याने तर येशूसंघीयाचे इंग्लंडात असणे हाच राजद्रोह ठरला. स्टीफन्स मायदेशी परतले असते तर बहुधा मार्बल आर्चजवळच्या त्या दगडावर त्यांचे नाव आले असते, आणि मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले नसते.

मराठी कॅथलिकांच्या घरात ख्रिस्तपुराणाची महती सांगायला नको, असे म्हणायचा प्रघात आहे. पण खरे सांगायचे तर सेमिनरीत मी स्वतः त्याविषयी एक परिच्छेद वाचला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. म्हणून थोडे सांगतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, जुन्या करारावरचे पहिले पुराण व नव्या करारावरचे दुसरे. गोव्याच्या साष्टी प्रदेशातील नवख्रिस्ती लोकांनी आपल्याला कथापुराणे हवीत अशी मागणी केली, आणि एका इंग्रजाने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत ती पुरी केली. १६०८ साली त्यांनी वरिष्ठांना देवनागरी खिळ्यांसाठी लिहिले. ते मिळाले नाहीत. म्हणून १६१६ साली रायतूर, म्हणजे राशोल येथे ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा मुद्रणे झाली. १६१९ साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम काढला. त्या तीन मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांत. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली तो रोमन लिपीत पुन्हा छापला.

आणि मग लंडन. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे संतसाहित्याचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांना तेथील प्राच्यविद्या संस्थेत, विल्यम मार्सडेन नावाच्या गृहस्थाच्या संग्रहात, ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित सापडले. मार्सडेनने १८३५ साली आपली पुस्तके किंग्ज कॉलेजला दिली होती, तेथून ती या संस्थेकडे आली. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज वा लॅटिन शब्द आहेत तेथे या प्रतीत पुष्कळ ठिकाणी संस्कृत-मराठी वळणाचे शब्द आहेत. मूळ लेखन हेच की नंतरच्या कोणा भक्ताने केलेले रूपांतर, यावर अभ्यासकांत एकमत नाही. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईत निघाली. ज्या देशाने या माणसाला कदाचित फासावर चढवले असते, त्याच देशाच्या राजधानीत त्याचा ग्रंथ त्याला हव्या त्या लिपीत जिवंत राहिला.

ती संस्था रसेल चौकात, ब्रिटिश म्युझियमच्या पाठीमागे पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. मी मोठ्या उत्साहाने तेथे गेलो. दारावरच्या बाईंनी नम्रपणे सांगितले की दुर्मिळ ग्रंथ पाहायचे तर अगोदर लिहून दिवस ठरवावा लागतो. माझे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. दोष सर्वस्वी माझा. दहा दिवस स्तंभ, घुमट आणि कमानी पाहत हिंडलो आणि आपल्या भाषेतील ग्रंथासाठी एक पत्र आधी टाकावे एवढे सुचले नाही. मी पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

त्या पायरीवर मला आठवली ती एक वही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वऱ्हाडातील एका खेड्याच्या केंद्रात होतो. तेथील एक वृद्ध धर्मशिक्षक, सारे त्यांना मास्तर म्हणत, यांनी नाताळची व दुःखसहनाच्या काळातली वऱ्हाडी बोलीतील गाणी आयुष्यभर एका जाड वहीत लिहिली होती. काही त्यांची, काही त्यांच्या आईकडून आलेली. मृत्यूपूर्वी त्यांनी ती माझ्या हाती दिली, "फादर, हे सांभाळा जी." मी ती जपून लोखंडी कपाटात ठेवण्याऐवजी लाकडी कपाटात ठेवली. दोन पावसाळे गेले. वाळवीने पुठ्ठा तेवढा शिल्लक ठेवला होता. त्या गाण्यांपैकी दोन-तीनच आज गावातील म्हाताऱ्यांना येतात, तीही अर्धी. अमरावतीच्या शिळा गाडीखान्यात टाकणाऱ्यांवर किंवा जमीनदारावर मी न्याय करायला बसावे, असा माझा अधिकार नाही.

तरीही तो तरुण पुढे जे विचारील ते मला दिसते आहे : हे सारे परत मागावे का? माझे मत विचाराल तर, जे बळाने नेले ते मागण्याचा हक्क आहे आणि त्याची चर्चा जगभर चालू आहे, ती चालावी. ख्रिस्तपुराणाच्या प्रतीबद्दल मात्र मला मागणी करण्याची घाई नाही. आधी आपण ते वाचतो का, हे पाहिले पाहिजे. द्रागो यांची आवृत्ती आपल्या किती धर्मग्रामांच्या ग्रंथालयांत आहे? माझ्याकडे आली तीही लंडनहून परतल्यावर, आणि तिची अर्ध्याहून अधिक पाने आजही कोरी करकरीत आहेत.

फोन आल्यानंतरच्या आठवड्यात मी त्या तरुणाला एवढेच लिहिले की तुझ्या वसतिगृहापासून रसेल चौक दूर नाही. अगोदर अर्ज कर, ओळखपत्र ने, शाईचे पेन नेऊ नकोस, शिसपेन्सिल ने. मार्सडेन संग्रह असे सांग. त्याला ख्रिस्तपुराणाचे नाव कॅटेसिझमच्या वर्गात मीच सांगितले होते. त्याला ते आठवत नव्हते. मलाही सांगितल्याचे आठवत नव्हते, त्याच्या आईने आठवण करून दिली.

ऑक्टोबरात, जपमाळेची प्रार्थना आटोपून मी आवारात बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला. वाचनकक्षात बोलता येत नाही म्हणून तो बाहेर रस्त्यावर उभा होता, मागे गाड्यांचा आवाज येत होता. त्याने पहिल्या पानावरच्या काही ओव्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. "फादर, अक्षर जुनं आहे, पण लागतं जी," तो म्हणाला, आणि अडखळत वाचू लागला. मी त्याला थांब म्हटले, आत जाऊन द्रागो यांची प्रत आणली, कंदील जवळ ओढला आणि पहिले पान उघडले. एका शब्दापाशी तो अडला. माझ्या पानावर तेथे वेगळा शब्द होता. आम्ही दोघे त्या एका शब्दावर बराच वेळ बोलत राहिलो.